भात कुठं गेला?

शिमिझू हे शिझुओका शहराचं बंदर. सुरुगा उपसागराच्या काठावर वसलेलं, समोर मिहोच्या किनाऱ्यावरची पाइनची राई आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला फुजी. बंदराला लागूनच एस-पल्स ड्रीम प्लाझा नावाचा मॉल आहे, १९९९ साली उघडलेला. आकाशपाळणा, दुकानं, खाण्याची ठिकाणं, आणि दुसऱ्या मजल्यावर सुशीच्या इतिहासाचं एक छोटं संग्रहालय. सुशीवर वेगळं संग्रहालय काढावं असं या गावाला वाटलं याचं नवल नाही. गोठवलेल्या ट्यूनाच्या बाबतीत जपानातल्या अगदी पहिल्या बंदरांमध्ये शिमिझूचं नाव येतं, वासाबीची शेती याच शिझुओकाच्या डोंगरात सुरू झाली, आणि सुशीनंतर प्यायचा हिरवा चहा म्हणाल तर गाडीतून येताना दोन्ही बाजूंना त्याचेच मळे दिसतात.

आम्ही हमामात्सूला राहतो. नवऱ्याची नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. हमामात्सूत मराठी घरं आहेत ती बहुतेक अशाच कारणानं. या नोव्हेंबरात मुरूडहून आत्या आली होती. मुरूड म्हणजे रायगडातलं, जंजिऱ्याचं. तिच्या अंगणात आगोटीच्या दिवसांत दांड्यांवर बोंबील वाळतात, आणि मिठात घातलेले बांगडे पावसाळाभर पुरतात. मासा किती मिठात किती दिवस टिकेल हे ती हात लावून सांगते. जपानात येऊन ती क्योटोची देवळं बघेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तिला बंदर बघायचं होतं. मार्गशीर्ष लागायच्या आत जाऊन येऊ, म्हणजे मला खाताही येईल, एवढीच तिची अट.

तोकाइदो लाइनच्या साध्या गाडीनं निघालो. काकेगावा गेलं, कानाया गेलं, चहाचे मळे संपले, ओइ नदीचं रुंद कोरडं पात्र ओलांडलं. शिझुओकापासून शिमिझू तिसरं स्टेशन. स्टेशनच्या मागेच मासळी बाजार आहे, तिथे आत्या अर्धा तास हलायला तयार नव्हती.

संग्रहालय मोठं नाही. जुन्या काळच्या गल्लीसारखा देखावा उभा केलाय. लाकडी दुकानं, कंदील, पाट्या. त्यामधून चालत चालत एकेक गोष्ट बघायची. हुबेहूब बनवलेल्या नकली सुशी, लाकडी पिंपं, दाबायच्या पेट्या, जुनी चित्रं. माहिती मुख्यतः जपानीत, त्यामुळे मी वाचायची आणि आत्याला सांगायची. मी मायक्रोबायॉलॉजी शिकले आहे. पुढे त्या क्षेत्रात काम केलं नाही, पण लाकडी पिंपात आंबवलेलं काही दिसलं की पाय तिथेच थांबतात. आणि सुशीची सुरुवात पिंपातच होते.

आपल्याकडे सुशी म्हटलं की कच्चा मासा, एवढंच डोक्यात येतं. माझ्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही पहिला प्रश्न तोच असतो. पण सर्वांत जुनी सुशी कच्च्या माशाची नाहीच. ती मासा टिकवण्याची रीत आहे. तिला नारेझुशी म्हणतात, आणि तिचं आजही जिवंत असलेलं सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे शिगा प्रांतातली, बिवा सरोवराकाठची फुनाझुशी. निगोरोबुना नावाचा मासा त्याच सरोवरात होतो. वसंतात गाभोळी भरलेल्या माद्या धरतात. खवले काढतात, कल्ले काढतात, आणि पोट न फाडता कल्ल्यांच्या वाटेनंच आतडी ओढून घेतात, म्हणजे गाभोळी आत जशीच्या तशी राहते. मग तो मासा मिठात भरून ठेवतात, काही महिने. ऐन उन्हाळ्यात बाहेर काढून धुतात, आणि शिजवलेला भात आणि मासा, भात आणि मासा असे थर पिंपात रचतात. वर झाकण, झाकणावर दगडांचं वजन, आणि हवा आत शिरू नये म्हणून वरून पाणी. हिवाळ्यापर्यंत तसंच. काही घरांत वर्ष, दोन वर्षंही.

हे सगळं आत्या फार लक्ष देऊन ऐकत होती. पोट न फाडता आतडी काढतात यावर तिनं मान डोलावली, दगड किती वजनाचे असतात ते विचारलं. मग मी पुढचं सांगितलं: तयार झाल्यावर पिंप उघडतात, माशावरचा भात निपटून टाकतात आणि मासा पातळ काप करून खातात.

"निपटून टाकतात? मग भात कुठं गेला?"

"भात आंबून पार लगदा झालेला असतो, आत्या. बहुतेक जण तो टाकूनच देतात."

"एवढा भात? पिंपभर? अगो बाय, भात कोणी टाकतं का?"

काचेपलीकडच्या त्या नकली फुनाझुशीकडे ती अशा नजरेनं बघत राहिली, की समोर कोणीतरी भरलं ताट उकिरड्यावर ओतलंय. आणि तिचा तो प्रश्न घेऊनच आम्ही पुढचं सगळं संग्रहालय बघितलं. सुशीचा इतिहास माशाचा म्हणून सांगितला जातो. मला आता वाटतं, तो भाताचा आहे. हजारएक वर्षं पिंपातून काढून टाकलेला भात हळूहळू ताटात कसा आला, त्याची ती हकिगत आहे.

भात टाकला जात असला तरी काम सगळं भातच करतो, हे मी आत्याला समजावलं. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं, पण नुसत्या मिठावर मासा इतका काळ ठेवायचा तर तो खारट होऊन बसतो. भातात पिष्ट असतं. त्यातून साखर सुटते आणि ती खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पिंपात वाढतात. आंबटपणा चढला की मासा सडवणारे जंतू टिकत नाहीत. म्हणजे भात आधी स्वतः आंबतो आणि आपलं आंबटपण माशाला देतो. त्या आंबटपणानं माशाचे काटेसुद्धा मऊ होतात. वास मात्र उग्र; जुन्या चीजच्या जवळपासचा. मासा टिकवण्याची ही कल्पना जपानात जन्मलेली नाही, असं अभ्यासक मानतात. मेकाँग नदीच्या खोऱ्यात, जिथे भाताची खाचरं आणि त्याच पाण्यात मासे, अशा भागात ती जन्मली आणि चीनमार्गे भातशेतीच्या बरोबरीनं इथवर आली असावी. आग्नेय आशियात भातात आंबवलेले मासे आजही घरोघर होतात. जिथे पावसाळ्यात मासा उदंड आणि नंतर मिळत नाही, तिथे माणसं हेच करणार. आत्याला यात काही नवीन वाटलं नाही. "हो ना, साठवायलाच लागतं," ती म्हणाली. तिचं अडलं होतं ते भातावर.

आठव्या शतकात सुशी हा जपानी दरबारात भरायचा कर होता. नारा इथल्या जुन्या राजवाड्याच्या उत्खननात ज्या लाकडी पट्ट्या सापडल्या, त्यांत सुशीच्या पिंपांना बांधलेल्या पट्ट्याही आहेत. कुठून काय आलं हे त्यावर लिहिलेलं. ९२७ साली पूर्ण झालेल्या एंगिशिकी या नियमसंग्रहात कोणत्या प्रांतानं कोणती सुशी पाठवायची याची नोंद आहे. आयु मासा, फुना मासा, शिंपल्या, अबालोन नावाची मोठी समुद्री गोगलगाय, आणि रानडुक्कर नि हरणाच्या मांसाचीही सुशी. विचार केला तर हे अगदी सरळ आहे. दूरच्या प्रांतातून राजधानीपर्यंत दिवसचे दिवस वाट चालायची, तर न सडणारी वस्तूच पाठवायला हवी. आणि ज्या काळात भात हीच संपत्ती, त्या काळात मासा टिकवायला पिंपभर भात खर्ची घालणं हे श्रीमंतीचंच लक्षण. तेव्हा आत्याला जे खटकलं, ते तेव्हाच्या गरीब शेतकऱ्यालाही खटकलं असेल.

कारण पुढे झालं तेच. मुरोमाची काळात, म्हणजे ढोबळमानानं चौदाव्या ते सोळाव्या शतकात, लोकांनी पिंप लवकर उघडायला सुरुवात केली. वर्षभर थांबायच्या ऐवजी काही आठवडे, फार तर महिना. एवढ्यात भाताचा लगदा होत नाही. दाणा आंबट होतो पण दाणा राहतो. मासाही अर्धवटच मुरलेला. मग मासा आणि भात दोन्ही खायचं. याला नामानारे म्हणतात. हे मी सांगितलं तेव्हा आत्या तिथल्या बाकावर टेकली आणि समाधानानं म्हणाली, "आता कसं!" मला त्या पिंप लवकर उघडणाऱ्या माणसांविषयी फार आपुलकी वाटते. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. भूक होती म्हणून उघडलं असेल, भात वाया जाऊ नये म्हणून उघडलं असेल, किंवा घरातल्या कुण्या बाईला ती अर्धवट आंबट चवच जास्त आवडली असेल. पण आजच्या सुशीतला भात आंबट का असतो याचं उत्तर तिथे आहे. जिभेला त्या आंबटपणाची सवय लागली, आणि पुढे पिंप गेलं तरी सवय राहिली.

पिंप गेलं ते व्हिनेगरमुळे. एदो काळात, म्हणजे ढोबळमानानं सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लोकांनी भात आंबायची वाट बघणंच सोडलं आणि त्यात थेट तांदळाचा व्हिनेगर घालू लागले. याला हायाझुशी म्हणतात, झटपट सुशी. लाकडी पेटीत व्हिनेगर लावलेला भात, वर मुरवलेला मासा, झाकण दाबायचं, काही तासांनी चौकोनी तुकडे कापायचे. ओसाकाकडे ही दाबलेली सुशी अजून तिच्या पूर्ण मानानं खाल्ली जाते. संग्रहालयात अशा पेट्या आहेत. त्यांचे कोपरे, खाचा, झाकण किती नेमकं बसतं, हे नीट बघण्यासारखं आहे.

आणि मग एदो, म्हणजे आजचं तोक्यो. अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात गेलेलं शहर. बांधकामावरचे मजूर, सुतार, हमाल, गावाकडून कामाला आलेले एकटे पुरुष. लाकडी घरांचं शहर, आगी सतत लागायच्या, घरी चूल पेटवून रांधण्यापेक्षा रस्त्यावर खाणं सोपं. नूडल्सच्या गाड्या, तळलेल्या माशांच्या गाड्या. १८२० च्या दशकात ऱ्योगोकू भागातल्या हानाया योहेई या माणसानं हातावर व्हिनेगरचा भात घेऊन, त्यावर माशाचा काप ठेवून, दाबून लगेच हातात देण्याची रीत लोकप्रिय केली. निगिरीझुशी. ती त्यानंच पहिल्यांदा केली का यावर वाद आहेत, पण नाव त्याचंच झालं. माशाच्या आणि भाताच्या मध्ये वासाबी लावण्याचं श्रेयही त्यालाच देतात. वर्षभराचं काम काही क्षणांवर आलं. वाट बघणं संपलं.

या टप्प्यावर एका भाताच्या दाण्याचा रंग बघण्यासारखा आहे. जुन्या निगिरीची नकली प्रतिकृती बघितली की दोन गोष्टी लगेच जाणवतात. एक, तिचा आकार. आजच्या दुपटीहून मोठी, एका घासात न मावणारी. मजुराचं पोट भरायला दोनतीन पुरत असणार. दुसरी गोष्ट, भात पांढरा नाही, पिवळसर तपकिरी आहे. त्याचं कारण एदोच्या बाहेर आहे, आजच्या आइची प्रांतातल्या हांदा गावात. तिथे नाकानो माताझाएमोन हा साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारा माणूस होता. साके गाळल्यावर जो चोथा उरतो, तो वर्षानुवर्षं साठवला की काळपट होतो. त्यापासून त्यानं १८०४ च्या सुमारास व्हिनेगर करायला घेतला. तांदळापासून केलेल्या व्हिनेगरपेक्षा स्वस्त, लालसर, चवीला भरदार आणि अंगचाच थोडा गोड. जहाजांनी तो एदोत गेला आणि निगिरीवाल्यांनी उचलला. त्या व्हिनेगरचा भात करताना साखर लागत नसे, मीठ पुरायचं. माताझाएमोनची ती पेढी म्हणजे आजची मिझकान कंपनी; हांदात तिचंही स्वतंत्र संग्रहालय आहे.

म्हणजे बघा, साके करून उरलेला तांदळाचा चोथा टाकून न देता त्याचा व्हिनेगर केला आणि तो पुन्हा भातात घातला. आत्याला हे ऐकून इतका आनंद झाला की तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं.

आणि माशाचं काय, तर एदोतल्या निगिरीवर कच्चा मासा फार थोडा असायचा. बर्फ नव्हता. कोहादा मासा मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, आनागो म्हणजे वामेच्या जातीचा मासा गोडसर रश्शात शिजवलेला, कोळंबी उकडलेली, अंड्याचं गोड आम्लेट. ट्यूना तर कमी दर्जाचा मासा. त्याचा लाल भाग सोया सॉसमध्ये बुडवून ठेवायचे. चरबीचा भाग पटकन खराब व्हायचा म्हणून तो फेकायचे. मांजरसुद्धा ओलांडून जाईल असा, असं त्याला म्हणत. कितागावा मोरिसादानं एदोच्या रोजच्या आयुष्याची जी प्रचंड नोंदवही लिहून ठेवली, तीत सुशीचे प्रकार चित्रांसकट आहेत आणि भावही. एक निगिरी आठ मोन (मोन हे तेव्हाचं नाणं), अंड्याची सोळा. अंडं ट्यूनापेक्षा महाग होतं!

गाडीवरच्या या खाण्याचं पुढे चैनीचं खाणंही झालं. मात्सुनोझुशी नावाचं एक नामांकित दुकान होतं, तिथली सुशी भेट म्हणून पाठवत. चित्रकार कुनियोशीनं लाकडी ठशानं छापलेल्या एका चित्रात दाखवलंय, एक बाई हातात त्या दुकानच्या सुशीची बशी घेऊन उभी आहे आणि लहान मूल हात पुढे करून मागतंय. त्या बशीतल्या सुशीही चौकोनी दाबलेल्या आणि कोळंबीच्या अशा स्पष्ट दिसतात. १८४१ ते १८४३ या काळात सरकारनं काटकसरीचे कडक हुकूम काढले तेव्हा महागडी सुशी विकतात म्हणून योहेई आणि मात्सुनोझुशीच्या मालकासकट बऱ्याच सुशीवाल्यांना शिक्षा झाली, हातात बेड्या पडल्या. ज्या भाताला कोणी पिंपातून काढून टाकत होतं, त्या भाताची चैन सरकारला दिसू लागली.

पुढे वेगवेगळ्या प्रांतांतल्या सुशी मांडल्या आहेत. इथे घाई करू नका. तोयामाची मासुझुशी, गोल लाकडी डब्यात बांबूच्या पानांवर गुलाबी ट्राउट मासा. नाराची पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली. समुद्र दूर, म्हणून मीठ लावलेला मासा डोंगर ओलांडून आणायचा आणि पानात बांधायचा. आकिताची हाताहाता माशाची, भाताबरोबर कोजी बुरशी घालून बर्फाळ हिवाळ्यात मुरवलेली. कोजी घातलं की पिष्टाची साखर लवकर होते आणि थंडीतही आंबण्याचं काम पुढे सरकतं, त्यामुळे उत्तरेकडच्या आंबवलेल्या सुशीत ते असतंच. कानाझावात त्यातच सलगमच्या चकत्यांमध्ये माशाचा काप घालून मुरवतात. ही चव मी घेतली आहे. थंडगार, गोडसर, करकरीत, आणि मग मागून येणारा मासा. मला निगिरीपेक्षा ही कितीतरी जास्त आवडते. एवढ्या तऱ्हा असूनही जगात सुशी म्हणून ओळखली जाते ती एकाच शहराची, एदोची. हे का झालं, ते संग्रहालयाच्या शेवटाकडे कळतं, आणि तिथेही भातच आहे.

१९२३ च्या कांतो भूकंपात तोक्यो जळालं. कितीतरी सुशी कारागीर आपापल्या गावांकडे पांगले आणि तिथे त्यांनी एदोची रीत नेली. पण खरी गाठ पडली ती युद्धानंतर. तांदूळ रेशनवर. १९४७ साली सरकारी हुकमानं खाण्याच्या दुकानांवर बंदी आली. तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी सरकारकडून एक मुभा मिळवली. गिऱ्हाइकानं आपल्या रेशनचा एक गो तांदूळ, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, घरून आणायचा. दुकानानं त्याच्या दहा निगिरी करून द्यायच्या आणि मजुरी घ्यायची. म्हणजे दुकान खाणं विकत नाही, फक्त बनवून देतं.

"दळणच की!" आत्या म्हणाली. धान्य आपलं, गिरणीवाल्याला फक्त दळणावळ. तंतोतंत तसंच.

ही सवलत देशभर गेली, पण ती निगिरीच्या हिशोबानं आखलेली होती. त्यामुळे इतर प्रांतांतल्या दुकानांनाही उघडं राहायचं तर निगिरी करणं भाग पडलं. दाबलेली सुशी, पानात बांधलेली सुशी, मुरवलेली सुशी घराघरांत आणि सणासुदीला राहिली. दुकानाची सुशी म्हणजे निगिरी, हे ठरून गेलं. एक गोला दहा, या मापानं तिचा आकारही आजच्यासारखा लहान राहिला. मासेही बरेचसे नियंत्रणाखाली होते, म्हणून त्या दिवसांत शिंपल्या आणि नदीचे मासे भातावर चढले. घरून पिशवीत तांदूळ घेऊन दुकानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका मला तिथे फार जवळच्या वाटल्या. जगभर पसरलेल्या एवढ्या मोठ्या पदार्थाचा आकार त्यांच्या पिशवीतल्या दीडशे ग्रॅमनं ठरवला.

फिरत्या पट्ट्याची सुशी १९५८ मधली. ओसाकाजवळच्या एका दुकानदारानं, शिराइशी योशिआकीनं, बिअरच्या कारखान्यातला पट्टा बघून ती काढली. १९७० च्या ओसाका एक्स्पोत ती लाखोंना दिसली. ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून मी तिथे थांबले नाही.

ट्यूना मात्र इथे सांगायलाच हवा, कारण शिमिझू त्याच्यामुळे उभं आहे. एदोत फेकून दिलेला चरबीचा भाग आज सर्वांत महाग, आणि तो बदल घडवला तो थंडीनं. दूरच्या समुद्रात, हिंदी महासागरातही, पकडलेला ट्यूना जहाजावरच उणे साठ अंशांपर्यंत गोठवतात. त्या तापमानाला मांसाचा लाल रंग महिनोन्‌महिने टिकतो; घरच्या फ्रीजरच्या उणे अठराला तो तपकिरी पडतो. शिमिझूच्या बंदरात हे गोठलेले, शेपटी छाटलेले, दगडासारखे मासे उतरतात. आमच्या आणि त्यांच्या समुद्राचं पाणी एकच, असं म्हणत आत्या खिडकीतून धक्क्याकडे बराच वेळ बघत होती.

मॉलच्या खालच्या मजल्यावर सुशीच्या दुकानांची जुन्या धर्तीची एक गल्ली आहे, तिथे जेवलो. आत्यानं साकुराएबी मागितली, बोटाच्या पेराएवढी गुलाबी कोळंबी. जपानात ती व्यावसायिक पातळीवर फक्त या सुरुगा उपसागरात पकडतात, वसंतात आणि शरदात, त्यामुळे नोव्हेंबरात ती ताजी मिळते. मग ट्यूना, मग आनागो. पण तिचं लक्ष होतं भातावर. तिनं पहिल्या घासाआधी एक निगिरी उलटी केली, वरचा मासा बाजूला सारला आणि नुसता भात खाल्ला. दाणा सुटा, अंगाइतका कोमट, आंबटपणा जिभेच्या कडेला. काउंटरमागच्या वयस्कर कारागिरानं ते पाहिलं. त्याला राग येईल अशी मला भीती वाटली, पण त्यानं हातातलं काम थांबवून विचारलं, भात कसा वाटला? मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, सांग त्याला, चांगला शिजलाय, पण मीठ अजून चिमूटभर चालेल. मी तसंच्या तसं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, तुमच्या आत्या समुद्राकाठच्या दिसतात.

फुनाझुशी त्या गल्लीत नव्हती. बिवा सरोवरात निगोरोबुना आता पूर्वीसारखा मिळत नाही. काठावरचे बोरूचे पाणथळ पट्टे गेले, जिथे तो अंडी घालायचा. बाहेरून आलेले ब्लॅक बास आणि ब्लूगिल त्याची पिल्लं खातात. त्यामुळे एक चांगला मासा हजारो येनला जातो. तरी शिगामध्ये अजून घरोघर पिंपं भरणारी माणसं आहेत, आणि ती भरतात ऐन उन्हाळ्यात. आत्याचा पुढचा व्हिसा आम्ही त्या हिशोबानं काढणार आहोत. पिंप भरताना बघायचं आहेच, पण तिला त्या बायकांना विचारायचंय की उघडल्यावर तो भात खरंच टाकता का. मी तिला एवढ्यात एक गोष्ट शोधून सांगितली आहे: काही जण टाकत नाहीत. तो आंबट लगदा माशाबरोबरच खातात, किंवा दुसऱ्या माशाला लावून पुन्हा मुरवतात. "मला वाटलंच," ती फोनवर म्हणाली.